दुकान वाढवलं

आमच्या कपाटात तीन पिवळे टीशर्ट आहेत. पाठीवर 'टीम भरारी' आणि पुढे प्रत्येकाचा हुद्दा. ह्यांच्या छातीवर 'सीईओ', सासूबाईंच्या 'फाउंडर' आणि माझ्या 'मार्केटिंग हेड'. एक्केचाळिसाव्या वर्षी मला आयुष्यातला पहिला हुद्दा मिळाला तो असा, एक्स्ट्रा लार्ज मापाचा आणि पहिल्याच धुण्यात रंग सोडणारा.

सगळं सुरू झालं दुकानावरून. जुईनगरला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचा दहा बाय दहाचा गाळा आहे. तिथं सासू-सासऱ्यांनी तीस वर्षं मिरची-मसाल्याचं दुकान चालवलं. सासरे मालक होते, म्हणजे पाटीवर. काट्यावर, गल्ल्यावर आणि कांडप यंत्रावर सासूबाई. सासरे गेल्यावरही त्या सहा वर्षं एकट्या बसल्या. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं, किल्ली कनवटीला लावली, एकेक पायरी चढत वर आल्या आणि मला म्हणाल्या, "दुकान वाढवलं गं."

ज्यांच्या घरात कुणी कधी काटा धरला नाही त्यांच्यासाठी सांगते. दुकानदार 'दुकान बंद केलं' म्हणत नाही. ते अशुभ. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसं दुकानही रोज संध्याकाळी वाढवायचं आणि सकाळी उघडायचं. माझं माहेर नोकरदारांचं, तिथं सगळं बंदच व्हायचं. लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात मी सासऱ्यांना खिडकीतून हाक मारली, "बाबा, दुकान बंद करून जेवायला या." सासूबाईंनी हातातला भात पातेल्यात परत टाकला आणि मला ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावलं. मग भात वाढला.

तर दुकान वाढवून सहा महिने झाले होते. ह्यांना त्या खाली ओढलेल्या शटरकडे बघून भाडं दिसायचं. एक मोमोवाला मागे लागला होता आणि एक जूनपासून गाळा त्याला द्यायचा असं ह्यांनी ठरवून टाकलं. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. फक्त किल्ली मागितली की म्हणायच्या, "सापडंना." आणि असं म्हणून त्या स्वयंपाकघरात जायच्या, तेव्हा किल्ली कमरेशी वाजत जायची.

अशात एका वाहिनीवर जाहिरात सुरू झाली. घरचा धंदा करणाऱ्या कुटुंबांची स्पर्धा. तिघांची टीम करायची, टास्क करायचे, आणि जिंकेल त्याचं दुकान वाहिनी नव्यानं उभं करून देणार. मी मनात म्हटलं, आईंचं दुकान पुन्हा सुरू होईल. हे मी मनात अगदी मोठ्यानं म्हटलं. त्याच्याखाली, हळू आवाजात, टीव्हीवर कुठली साडी नेसायची हेही चालू होतं.

फॉर्म मोबाइलवर भरायचा होता. सासूबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. मी प्रश्न वाचायचे, त्या उत्तर द्यायच्या. शेवटचा प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात व्यवसायाबाबत कोणता मोठा निर्णय घेतलात?'

"काय घ्यायचा निर्णय?" त्या म्हणाल्या. "दसऱ्याला काट्याची पूजा केली. दिवाळी झाल्यावर दुकान वाढवलं. ल्ही तसंच."

मी तसंच लिहिलं. आठ दिवसांनी वाहिनीतल्या एका मुलीचा फोन आला.

"काकू, तुमची एंट्री आम्हाला खूपच आवडलीय. म्हणजे इमॅजिन करा ना, सत्तरीच्या आजी आणि या वयात दुकान वाढवलं. किती इन्स्पायरिंग आहे. वाढवलं ना?"

आता इथं एका सज्जन बाईनं काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. तिनं म्हणायला हवं होतं, बाई गं, तुझा गैरसमज झालाय. मी म्हणाले, "हो."

शब्दशः बघितलं तर त्यात काही खोटं नव्हतं. मी स्वतःला हे त्यानंतर पंधरा दिवस समजावत होते.

ह्यांना सांगितलं, तेव्हा हे आधी भडकले, मग हसले, मग म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. टीव्हीवाल्यांना काय कळतंय?" आणि त्याच दिवशी केसांना रंग लावून आले.

पहिल्यांदा वाहिनीची ती मुलगी घरी आली, आमची ओळख चित्रित करायला. चित्रित करायला म्हणजे मी दार उघडायचं आणि हसायचं. मी सात वेळा दार उघडलं. "काकू, आनंदानं उघडा. दूधवाल्याला उघडतो तसं नको." मग तिनं वही काढली आणि हळू आवाजात विचारलं, "घरात काही ट्रॅजेडी?"

हे लगबगीनं म्हणाले, "मला स्लिप डिस्क आहे."

मुलीनं ते लिहून घेतलं नाही. तिनं सासूबाईंना विचारलं, "आजी, आजोबा कसे गेले?"

"झोपेत. रात्री पुरनपोळी खाल्ली, सकाळी उठले न्हाईत. सोनं झालं."

मुलीनं वही मिटली. आमच्या घरात दुःखाची इतकी टंचाई असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मुख्य टास्क होता एपीएमसीचा. बारा वाजेपर्यंत घाऊक बाजारातून माल घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत खारघरच्या एका मोठ्या सोसायटीच्या आवारात तो विकायचा. आधीच्या फेऱ्यांत बाकीच्या टीम गळल्या होत्या. आता आम्ही होतो आणि खारघरचे दोघे भाऊ त्यांच्या आईसह. भाऊ आयटीतली नोकरी सोडून नाचणीची बिस्किटं करायचे. पोरं चांगली होती. फक्त तोंड उघडलं की त्यातून स्लाइड निघायची. त्यांनी बदाम, जवस आणि सूर्यफुलाच्या बिया घेतल्या आणि त्यांच्या चिमुकल्या कापडी पिशव्या बांधून प्रत्येकीला एक चिठ्ठी अडकवली. चिठ्ठीवर बियांची गोष्ट होती.

आम्ही मसाला मार्केटमध्ये गेलो. मी 'मार्केटिंग हेड' असल्यामुळे माझ्याकडे भाषण होतं. हे 'सीईओ' असल्यामुळे यांच्याकडे पिशव्या होत्या. सासूबाईंनी टीशर्ट घालायला साफ नकार दिला होता. मुलीनं फार गयावया केली, तेव्हा त्यांनी तो घडी करून खांद्यावर टाकला, हात पुसायच्या फडक्यासारखा, आणि पुढे त्याचा उपयोगही तसाच केला.

सासूबाई सहा महिन्यांनी बाजारात पाऊल टाकत होत्या. गुडघ्यांचं काय झालं कोण जाणे, पण आम्ही दोघं मागं आणि त्या पुढं. पोत्यातली एक मिरची उचलायची, कानाशी हलवून बघायची, देठाशी मोडायची, नखावर घासायची. एका व्यापाऱ्यानं गादीवरून बघितलं आणि उठून उभा राहिला.

"मावशी, किती महिन्यांनी. मला वाटलं दुकान..."

त्यानं वाक्य पूर्ण केलं नाही. त्यालाही तो शब्द उच्चारायचा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीला वाढवलं." तो म्हणाला, "बरं, बरं," आणि चहा सांगितला. कॅमेरा सगळं टिपत होता आणि मुलगी कॅमेऱ्यामागून मला अंगठा दाखवत होती. बघा, व्यापारीही म्हणतोय, वाढवलं.

खारघरला माझं भाषण उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल इतक्या कमी लोकांनी ऐकलं. मी 'अस्सल गावरान चव' इथपर्यंत आले होते, तेव्हा एक तरुण बाई सासूबाईंना विचारत होती, "आजी, मला तिखट पाहिजे. ही लवंगी द्या."

"घरात खानारं कोन हाय?"

"मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी."

"मग लवंगी न्हाई मिळायची तुला. पोरीची जीभ जळंल. बेडगी घे, रंगाला. आनि थोडी संकेश्वरी घाल. भाजून मग कांडून घे, कच्ची दळू नको."

गिऱ्हाइकाला माल नाकारणारी दुकानदार खारघरमध्ये कुणी बघितली नसावी. दहा मिनिटांत बायकांनी त्यांना घेरलं. कुणी मोबाइलवर रेकॉर्ड करतंय, कुणी आपल्या आईला फोनवर देतंय. सासूबाई एकीला रागावत होत्या की मिरचीचे देठ काढून का ठेवतेस, किडा लागेल. ती बाई रागावून घेऊन दोन किलो घेऊन गेली. मोठा भाऊ आमच्याकडे येऊन अचंब्यानं म्हणाला, "आजी, तुमची टार्गेट ऑडियन्स कोण?"

"जिच्या घरी चार मानसं जेवत्यात ती."

संध्याकाळी सुटातले परीक्षक आले. हे गृहस्थ कुठल्या कुठल्या कंपन्या विकत घेतात म्हणे. आमच्याकडे एकच पोतं उरलं होतं, बियांची गोष्ट मात्र बरीच उरली होती. परीक्षक प्रसन्न हसले. "आजी, आय लव्ह इट. पण सांगा, हे तुम्ही स्केल कसं करणार?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "स्केल म्हंजी काटा ना?" मग परीक्षकांना म्हणाल्या, "काट्यानंच करनार की. मापात पाप न्हाई आमच्या. बघायचा असंल तर दुकानी या."

परीक्षकांना ते इतकं आवडलं की ते खरंच यायला निघाले. अंतिम फेरीसाठी ते दोन्ही टीमच्या जागी जाणार होते. आमच्याकडे शनिवारी. वाढवलेलं दुकान बघायला.

तेव्हा आमच्या 'सीईओं'ना घाम फुटला. शुक्रवारी संध्याकाळी हे खाली जाऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी कुजबुजून आले. बेत असा की झेरॉक्सच्या दुकानावर एक दिवस मसाल्याचा फ्लेक्स लावायचा, मशीनवर चादर टाकायची, दाराशी दोन पोती ठेवायची. म्हणजे एकाचे दोन गाळे झाले, दुकान वाढलं. झेरॉक्सवाला तयार होता, त्याला फक्त टीव्हीवर दिसायचं होतं. मी म्हणाले, "आणि परीक्षक झेरॉक्सच्या दुकानात शिरले तर?"

"तर म्हणायचं, ते पॅकेजिंग युनिट आहे."

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. शनिवारी सकाळी मात्र त्यांनी अंघोळ करून कनवटीची किल्ली काढली आणि ह्यांच्या हातावर ठेवली. ह्यांनी विचारलं, "सापडली?"

"सापडली. उघड."

वाहिनीची मंडळी आणि परीक्षक समोर येऊन उभे असतानाच शटर वर गेलं, तसा आतून मिरचीचा कोंडलेला वास बाहेर आला. सहा महिने तो दारामागे उभा असावा. लाइटवाले शिंकले. कॅमेरावाला शिंकला. परीक्षकांनी 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडलं आणि तेही शिंकले. पुढची वीस मिनिटं वाहिनीनं आमच्या दुकानासमोर शिंकांचा कार्यक्रम केला. सासूबाई एकट्या कोरड्या डोळ्यांनी आत गेल्या, काट्यावरची धूळ टीशर्टनं पुसली आणि आपल्या स्टुलावर बसल्या. बसताना गुडघ्याला हात लावला नाही, ते मी बघितलं.

मग कॅमेरा सुरू झाला. परीक्षकांनी नाकाला रुमाल लावत विचारलं, "आजी, मला सांगा, या वयात, एकाच वर्षात तुम्ही दुकान किती वाढवलंत?"

"किती म्हंजी? सगळं वाढवलं."

"सगळं? वॉव. पण किती महिने लागले?"

"म्हयने कशाला लागत्यात? एका संध्याकाळी. शटर वढलं, कुलूप लावलं, वर गेले."

परीक्षक हसत होते ते हसत राहिले. चेहऱ्यावर काय ठेवायचं ते त्यांना आठवेना. मुलीच्या हातातली वही खाली आली. झेरॉक्सच्या दुकानात चादरीखाली मशीन गुर्रर करून सुरू झालं, कुणीतरी चुकून बटण दाबलं असावं.

खुलासा मी केला. बांगडी, नारळ, काटा, माहेर, भात, सगळं सांगितलं. परीक्षक शेवटी खदखदून हसले. त्यांची आजी बांगडी वाढली म्हणायची, हेही त्यांना आठवलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. फार लवकर टाकला.

कारण ती मुलगी कोपऱ्यात फोनवर बोलून परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "काकू, हे तर अजून भारी आहे. बंद पडलेलं दुकान, वृद्ध आजी, वाहिनी येऊन पुन्हा उघडते. आमच्या सरांना पण चालेल. जवळजवळ तुमचंच आहे हे. फक्त आजींनी कॅमेऱ्यात बघून एक वाक्य म्हणायचं. 'माझं दुकान बंद पडलं.' म्हणजे प्रेक्षकांना कळेल. बस."

नव्यानं उभं केलेलं दुकान आणि आमच्यात चार शब्द होते.

"मी न्हाई म्हननार," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, एकदाच."

"एकदा न्हाई, अर्ध्यांदा न्हाई. ह्या काट्यासमोर बसून कशाला म्हनू? वाढवलंय. दुसरं काय झालं न्हाई त्याला."

"आई," हे म्हणाले, "अगं चार शब्द आहेत. नवं दुकान मिळतंय. फरशी, लाइट, सगळं."

"मग तू म्हन. तू सीईओ हायस ना? एक तारखेपासून मोमो तूच ठेवनार हायस. म्हन."

मुलीनं लगेच कॅमेरा यांच्याकडे वळवला. चालेल म्हणाली, मुलगाही चालेल, मुलगा रडला तर जास्त चालेल. हे शटरच्या खाली उभे राहिले. पिवळा टीशर्ट, काळे केस. घसा साफ केला.

"आमचं दुकान..."

थांबले. वर बघितलं. तिथं सासऱ्यांच्या हातची पाटी होती, अर्धी कोळ्याच्या जाळ्यात. लहानपणी हे शाळेतून येऊन तिथंच, काट्याच्या मागे, पोत्यावर बसून पाढे म्हणायचे, असं सासूबाई सांगतात.

"काका, परत. 'आमचं दुकान बंद...'"

"आमचं दुकान," हे म्हणाले, "वाढवलंय. म्हणजे, सध्या."

तीन वेळा घेतलं. तिन्ही वेळा 'बंद'शी यांची गाडी थांबली आणि वाढवलंयवर निघाली. ज्या माणसानं मोमोवाल्याशी सगळी बोलणी केली होती, त्याला तो शब्द येईना. चौथ्या वेळी हे म्हणाले, "सॉरी मॅडम, नाही जमत," आणि आत जाऊन पोत्यावर बसले.

वाहिनीनं सामान आवरलं. मुलगी जाताना माझ्यावर नाराज होती आणि तिचं बरोबर होतं. परीक्षकांनी मात्र जाताना पाव किलो बेडगी मागितली. सासूबाईंनी ती खारघरहून उरलेल्या पोत्यातून तोलून दिली, काटा ग्राहकाच्या बाजूला झुकेपर्यंत.

त्यानंतर कुणी शटर खाली ओढलं नाही. म्हणजे ओढायला हवं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मे महिना होता, बायकांचे वर्षाचे मसाले व्हायचे होते. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई भाजी घेऊन जाताना थबकली. "अय्या, उघडलंत? मी उगाच सानपाड्यापर्यंत जात होते. आजी, दोन किलो माझी मिरची कांडून द्याल?" मग दुसरी आली. कांडप यंत्राचा पट्टा यांनी तेल लावून फिरवून बघितला आणि तो बेशरमासारखा सुरू झाला. संध्याकाळपर्यंत खारघरचं पोतं संपलं होतं, आणि मार्केटिंग हेडनं आयुष्यात पहिल्यांदा कांडलेली मिरची चाळली. रात्री जेवायच्या वेळी मी आग होणारे दोन्ही हात ताकात बुडवून बसले होते.

त्याच्याआधी, दिवेलागणीला हे हात झटकत उठले आणि सवयीनं म्हणाले, "चला आई, बंद क..."

सासूबाईंनी नुसतं बघितलं.

"वाढवू या," हे म्हणाले.

"वाढव. आनि किल्ली तूच ठेव. सकाळी साडेनऊला उघडायचं हाय, मला जिना उतरून यायला वेळ लागतो."

यांनी मोमोवाल्याला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. एवढा गुळमुळीत फोन मी आमच्या साखरपुड्यानंतर ऐकला नव्हता.

कार्यक्रम लागला तेव्हा सगळी बिल्डिंग आमच्याकडे जमली. बिस्किटवाले भाऊ जिंकले, आणि चांगलं झालं. आम्ही अकरा सेकंद होतो. त्यात मार्केटिंग हेडचं भाषण नव्हतं, फाउंडरचा काटा नव्हता. फक्त आमच्या दुकानासमोर पाच माणसं ओळीनं शिंकत होती आणि मागं कसलंसं विनोदी संगीत. तरी दुसऱ्या दिवशी तीन अनोळखी बायका विचारत आल्या, शिंका आल्या ती मिरची कुठली?

मोमोवाल्यानं पुढच्या गल्लीत हातगाडी लावली आहे. त्याच्या लाल चटणीची मिरची आमच्याकडून जाते. पहिल्या दिवशी त्यानं लवंगी मागितली होती. सासूबाईंनी दिली नाही.